राणी म्हणण्यावरून

झरीना,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली आणि नव्या मुख्याध्यापकांनी तुला 'इंग्रजीची सम्राज्ञी' करून टाकलं. टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. तुमच्याकडे हे असलं चालतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. तुझा दीर समंजस माणूस, मान खाली घालून बसून राहिला. सर आवाज चढवून बोलत होते आणि मला मात्र तू शेजारच्या खुर्चीवर बसून कोपर मारते आहेस असं वाटत होतं. "सम्राज्ञी? आणि साम्राज्य कुठलं गं? नववी ब?" असं काहीतरी तू नक्की पुटपुटली असतीस. मला एकदम हसू फुटलं. पदर तोंडाला लावला. पलीकडच्या बाईंना वाटलं मला हुंदका आवरत नाहीये, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग त्या हातानं खरंच रडू आलं.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हे सगळं सरांनी वाचून दाखवलं. ते पुन्हा सांगत बसत नाही. तू स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसायचीस, तू इंग्रजी शिकवायचीस आणि मी मराठी, आणि आपल्या दोघींत एकच कपाट होतं, त्यात तुझी पुस्तकं नेहमी माझ्या कप्प्यात घुसलेली असायची, एवढं माझ्यासाठी पुरे आहे.

तुझा तो शनिवारचा शेवटचा तास आठवतो. पुस्तकात अलंकारिक शब्दप्रयोगांचा अर्ध्याच पानाचा धडा होता. तू त्याची जत्रा केलीस. इंग्रजीत राजेराण्या फक्त राजवाड्यात राहत नाहीत, रस्त्यावर फिरतात, असं तू मुलांना सांगायचीस. मनानं दिलदार माणूस असेल तर तो प्रिन्स. ऐषआरामात राहणं म्हणजे किंगसारखं राहणं. सगळ्या मैत्रिणींना आपल्याभोवती नाचवणारी ती क्वीन बी, मधमाश्यांची राणी. आणि सुई टोचली तरी गाव गोळा करणारी ती ड्रामा क्वीन. हे सगळं फळ्यावर लिहून झालं की तू पदव्या वाटायला घ्यायचीस. रोज उशिरा येणारा ड्यूक ऑफ लेट. मधल्या सुट्टीच्या आधीच डबा उघडणारी प्रिन्सेस ऑफ पोहे. फळा पुसणारा लॉर्ड ऑफ डस्टर. तो हसण्याचा गलका भिंतीतून माझ्या वर्गात यायचा आणि माझी पोरं कवितेतून मान वर काढून तिकडे कान लावायची. मी चिडायचे. हेवाही वाटायचा, हे तुला ठाऊक होतंच.

"इंग्रजांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू अजून त्यांच्या पदव्या वाटतेस," मी म्हणायचे.

"राजे गेले, गादी गेली, कपडे राहिले खुंटीवर," तू म्हणायचीस. "माझ्या पोरांनी घटकाभर घालून मिरवले तर तुझं काय गेलं?"

नियमही तू ठासून शिकवायचीस. खऱ्या राजाच्या नावाला लागून किंग आला तर पहिलं अक्षर मोठं. आपण कौतुकानं नाहीतर चिडवायला कुणाला किंग म्हटलं तर अक्षर लहान. मी म्हटलं, आमच्या देवनागरीत सगळे राजे एकाच उंचीचे. तू लगेच म्हणालीस, "म्हणून तर तुमच्याकडे नाक्यानाक्यावर एकेक राजा. गणपती राजा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा नगरसेवक राजा, आंबा राजा, आणि बाळाला दूध पाजतानाही राजाच."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे नवाब. माझा नवरा कुवेतहून आला की दोन महिने नवाब असतो. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागतो." हे सांगताना तू लाजायचीस. तो वारल्यानंतरच्या वर्षी स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज नवाब हा शब्द वापरला, तेव्हा तू उठून खिडकीशी गेलीस. मी तुझ्या मागोमाग आले नाही, चहा मात्र तुझ्या जागेवर झाकून ठेवला.

आता हर्षलाबद्दल. तुझ्याबद्दल लिहायचं आणि तिला टाळायचं, हे जमणार नाही.

हर्षला कोन गावाहून यायची. नववी ब, शेवटून दुसरा बाक. पीटीच्या तासाला दोन फेऱ्या मारल्या की ही मैदानाच्या कडेला बसायची. जिन्यात मधल्या वळणावर थांबायची. पीटीच्या सरांनी एकदा शिट्टी वाजवून म्हटलं, "चला, बसल्या ड्रामा क्वीन." आदल्याच शनिवारी तो शब्द तू फळ्यावर लिहिला होतास. पोरांना ताजा होता. मग ती जिना चढायला लागली की मागची मुलं कमरेत वाकायची, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, क्वीनसाहेब येतायत." शिक्षकही हसायचे. आपल्यातलाही एक कुणीतरी स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल त्याच नावानं बोलायचा.

तू ते जिन्यात पाहिलंस. त्या दिवशी तुझा वर्ग बराच वेळ रिकामा होता, मी बघायला बाहेर आले तर तू पायरीवर बसलेली, साडीची काळजी न करता, आणि शेजारी ती. तिचे ओठ मला तेव्हाच जांभळट दिसले होते.

"कुठे दुखतं?" तू विचारत होतीस.

"दुखत नाय मॅडम. दम पुरत नाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासूनच."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. सांगितलं का ड्रामा क्वीन बोलतात."

तू स्टाफरूममध्ये आलीस आणि खुर्चीवर नुसती बसलीस. समोर आलेला चहा तसाच राहिला. "शब्द माझा आहे, सुरेखा," म्हणालीस. मी म्हटलं, शब्द कुणाचा नसतो, पीटीच्या सरांनी वापरला. तू ऐकलंच नाहीस. म्हणालीस, "उद्या कोनला जायचंय. तू चल. माझं मराठी तिथं कोण ऐकणार? तू त्यांच्याच समाजातली आहेस."

मी त्यांच्यातली, हे खरं. माझं माहेर उरणकडचं, आजोबांची मिठागरं होती. पण त्या घरी मी काहीच बोलले नाही, सगळं तूच बोललीस.

घर तीन मजली होतं. जमिनी संपादनात गेल्या, त्या पैशातून बंगला आणि दारात मोठी गाडी आलेली. हर्षलाचे आजोबा, आप्पा, झोपाळ्यावर बसले होते. आधी त्यांना वाटलं, पोरगी नापास झाली म्हणून आपण आलोय. नाही म्हटल्यावर ते सैल झाले.

"आमची राणी हाय ती," ते म्हणाले. "सगले नातू, पोरगी ही येकटीच. तिला काय कमी नाय. खोलीन एसी हाय, मोबाईल हाय. काम पन कोन सांगत नाय तिला."

"डॉक्टरला दाखवलंत?" तू विचारलंस.

"डाक्टर काय, मशिनीन घालनार आनि कापा बोलनार. छातीवर टाक्यांचा वन आला तर लगीन कसा व्हनार पोरीचा? तुमी शिकवा, बाई. आमची राणी आमी बगू."

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या, आणि डोळे तुझ्यावर.

तू पर्स मांडीवर ओढलीस. मला वाटलं आता उठशील. मग अगदी शांतपणे म्हणालीस, "आप्पा, राणी म्हणता ना तिला?"

"मंग? राणीच हाय."

"मग राणीसारखं वागवा. राणीला साधा खोकला आला तरी वैद्य धावत यायचा. तुमची राणी जिन्यात बसते आणि तुम्ही लग्नाचं बोलता. आम्ही शाळेत तिला राणी म्हणतो, ते चिडवायला. तुम्ही म्हणता, ते लाडानं. पण तिची नाडी ना आम्ही बघितली, ना तुम्ही."

झोपाळा थांबला. आप्पांचा चेहरा तांबडा झाला होता. मला भीती वाटली, ते आपल्याला बाहेर काढतील. तेवढ्यात दारातून तिच्या आईचा आवाज आला. सासऱ्यांपुढे ती कधी बोलत नसावी, कारण आप्पासुद्धा दचकून वळले.

"मी नेतंय तिला," ती म्हणाली. "उद्याच नेतंय. जिन्यान बसते ती, मी बगतंय ना रोज."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच मान वर केली. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ऑपरेशन मुंबईला झालं. ज्या आप्पांना काप नको होता, ते हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावरून उठेनात, जेवायला घरी जा म्हटलं तरी जाईनात. तू भेटायला गेलीस तेव्हा त्यांनी तुला बसायला जागा करून दिली आणि स्वतः उभे राहिले. पुढे कितीतरी ईदला त्यांच्याकडून तुझ्या घरी ताज्या जिताडा माशाचा डबा यायचा, तोही न बोलता, ड्रायव्हरच्या हातून. हर्षला आता उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात सुपरवायझर आहे. काल शोकसभेला ती आली होती. मागे उभी होती. सगळे गेल्यावर तिनं तुझ्या फोटोपुढची उदबत्ती विझवली आणि हार नीट केला. तुमच्याकडे उदबत्ती नसते हे तिला माहीत होतं.

पण आपलं खरं भांडण त्या ऑपरेशननंतर सुरू झालं.

तू पदव्या वाटणं बंद केलंस. शनिवारचा तास व्याकरणाचा झाला. मुलं हिरमुसली. हर्षला शाळेत परतली, जिना सलग चढली, आणि पहिल्या शनिवारी तिनं हात वर केला. "मॅडम, मला पन द्या ना एक टायटल." सगळा वर्ग हसला, तीही हसत होती. तू म्हणालीस, "तुला नाव आहे ना? हर्षला. तेवढं पुरे." ती खाली बसली. हे तूच मला मधल्या सुट्टीत सांगितलंस, बरोबर वागलीस अशा खात्रीनं.

मी म्हटलं, "झरीना, त्या पोरीला तो शब्द आता हसण्यावारी न्यायचा होता. तू तिच्या हातातून काढून घेतलास."

"ज्या शब्दानं एक पोर मरता मरता राहिली तो मी पुन्हा वर्गात आणू? शब्द लागलेली तू नव्हतीस."

"तूही नव्हतीस," मी म्हणाले.

तू वह्यांचा गठ्ठा उचलून तासाला निघून गेलीस. पण त्यानंतर, अगदी निवृत्तीनंतरही, वडाळे तळ्याकाठी चालताना तुला ते कुठूनही आठवायचं. अर्ध्या फेरीत थांबून म्हणायचीस, "चिडवणं आणि लाड, दोन्हीत माणूस झाकला जातो. मला ते आप्पांच्या घरी कळलं." मी म्हणायचे, माझी आई मला राणी म्हणायची तेव्हा मी झाकली जात नव्हते, उलट तेव्हाच कुणीतरी मला बघतंय असं वाटायचं. तू म्हणायचीस, तुझी आई वेगळी. मी म्हणायचे, प्रत्येकाची आई वेगळी. मग भेळवाल्याशी येऊन विषय बदलायचा. मी मराठीची बाई, तुझ्या त्या इंग्रजी राजेराण्यांची मी वकिली करायचे आणि तू फिर्याद. पहिल्या वर्षी कुणी हे सांगितलं असतं तर आपण दोघी हसलो असतो.

तुझ्या लेकीनं, नाझनीननं, बहरीनहून स्वतःचा फोटो टाकला होता, समुद्राकाठचा, वाऱ्यानं ओढणी उडालेली. खाली तिच्या मैत्रिणींनी ओळीनं लिहिलेलं, क्वीन, क्वीन, क्वीन, आणि मुकुटाची चित्रं. तू मोबाईल माझ्यापुढे धरलास. "बघ, मुकुट किती स्वस्त झाले. सगळ्याच राण्या, मग राज्य कोण करणार?" मी म्हटलं, चिडवत नाहीयेत, एकमेकींना धीर देतायत. तू फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "पण दिसते खरी, नाही?"

गेल्या हिवाळ्यात तुझ्या चालण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ब्लाउज सैल झाले. तू म्हणायचीस गॅस आहे, वय आहे, मसाला बंद केलाय. बाकावर बसून पोटाशी हात दाबून धरायचीस आणि कुणी ओळखीचं आलं की लगेच हात काढायचीस. एकदा मी विचारलं तर हसून म्हणालीस, "उगाच बोभाटा नको. ड्रामा क्वीन म्हणतील मला." मला इतका राग आला, झरीना. तुझ्या तोंडून तो शब्द, तोही स्वतःसाठी. मी तळ्याकाठीच तुझ्यावर ओरडले, दोन बाया वळून बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे आलीस. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर तुझ्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलले. त्यावरून तुला सगळं कळलं.

रिक्षात तू एवढंच म्हणालीस, "नाझनीनला कळवायचं नाही. नोकरी नवी आहे, मूल लहान आहे. ईदला येणारच आहे ती. तेव्हा बघू." तू माझा हात घट्ट धरून ठेवला होतास. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रिक्षा तुझ्या दारात आली तरी आपण दोघी तशाच बसलेल्या, रिक्षावाला बिचारा आरशातून बघत होता.

ईदपर्यंत तू नसशील, हे मला दिसत होतं. तू रोज फोनवर तिच्याशी मोठ्यानं बोलायचीस, काय जेवलीस, बाळ चालायला लागलं का, आणि फोन ठेवला की भिंतीला टेकून डोळे मिटायचीस. तुझ्या जाऊबाईंनाही शपथ घातली होतीस. एके दिवशी खांदा कॉलनीतल्या आमच्या बागेत बाकावर बसून मी नाझनीनला फोन लावला. तिनं "मावशी, अम्मी ठीक आहे ना?" असं विचारलं. मी फक्त "नाही" म्हणाले.

ती आली तेव्हा मी तुझ्याच खोलीत होते. दारात तिला बघून तुझा चेहरा आधी उजळला. मग तू तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे वळवलंस.

त्यानंतर मी यायचे, पेजेचा डबा जाऊबाईंच्या हातात द्यायचे आणि खालूनच परत जायचे. त्या म्हणायच्या, वर जा ना. माझा पाय उचलायचा नाही. मला वाटायचं, तू अजून रागावलेली असशील तर ते बघायला नको. आणि जिन्यातून वरचं सगळं ऐकू यायचं. नाझनीन तुझे केस विंचरायची आणि तू ओरडायचीस, "सावकाश गं, डोकं माझं आहे." पाय दाब म्हणायचीस. सांदण कर, पण नारळ जास्त घाल, तुझ्या सासूसारखं कोरडं नको. आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नाहीस, नवऱ्याकडेसुद्धा, आणि आता लेकीला एक मिनिट खाली बसू देत नव्हतीस. ती रडत रडत हसायची. बाळ कुठलंतरी भांडं आपटायचं. आजारी माणसाच्या घरातून इतके आवाज येतात, हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी धीर करून वर आले. दारात उभी राहिले. तू मला पाहिलंस आणि म्हणालीस, "आत ये की. दारात काय उभी?" बस्स. फोनचा विषय नाही. माफी नाही, राग नाही. मी तुझ्या पायाशी बसले, नाझनीननं सांदण दिलं, आणि तू म्हणालीस, नारळ अजून कमीच पडलाय. दोन दिवसांनी तू गेलीस, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून.

तू मला माफ केलंस का, हा प्रश्न मी तुझ्या मय्यतीच्या वेळी बायकांमध्ये बसूनही घोळवत होते. सगळ्या कुराणातलं यासीन पढत होत्या, मला ते येत नाही, मी नुसती बसले होते.

काल शोकसभेहून परतताना नाझनीन माझ्याबरोबर चालत आली. माझ्या घराच्या फाटकाशी थांबून म्हणाली, "मावशी, अम्मीनं शेवटच्या दिवशी मला विचारलं, सुरेखानं तुला कधी फोन केला? मी दिवस सांगितला."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, इतका उशीर का केला तिनं?"

झरीना, मी तिथे फाटकाला धरून उभी राहिले. तूच फोन करू नको म्हणालीस, आणि तूच उशीर का केला म्हणतेस. पण विचारलंस म्हणून सांगते. नाझनीनला कळवायचं म्हणजे तू जाणार आहेस हे मोठ्यानं म्हणायचं होतं. माझ्या तोंडून ते निघत नव्हतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि म्हणायचे, उद्या.

सुरेखा